कर्वेनगरातले काश्मिरी शालवाले चाचा: माल चोख, रफू उत्तम, आणि गेटवर त्यांना मिळणारी वागणूक

माझं कर्वेनगरात फॉल-पिको, ब्लाउज आणि अल्टरचं दुकान आहे. थंडी पडायला लागली की काश्मीरहून शालवाले पुण्यात येतात. कुणी रस्त्याकडेला गाठोडं सोडून बसतात, कुणी सोसायट्यांतून फिरतात. आमच्या भागात एक वयस्कर चाचा आणि त्यांचा पुतण्या बऱ्याच वर्षांपासून येतात. घर बडगाम जिल्ह्यात. दुपारी ते माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसतात, कारण तिथे सावली असते आणि शाल पसरून दाखवायला माझं कटिंगचं टेबल मिळतं. मी त्यांच्याकडून एक रुपयाही कमिशन घेत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आधी माल. सगळ्यात स्वस्त म्हणजे आरीकामाचे स्टोल, आकड्याच्या सुईने साखळीटाका घातलेले. दीड हजारापासून सुरू. रोज वापरायला, प्रवासाला ठीक आहेत. त्यावर रफल म्हणजे मऊ, बारीक लोकरीच्या शाली, काठाला सोझनी म्हणजे सुईचं बारीक हातभरतकाम केलेल्या. साधारण चार ते सहा हजार. सत्काराला, लग्नात मामीला किंवा विहीणबाईंना द्यायला या घ्याव्यात. खऱ्या पश्मिन्याचे नग त्यांच्याकडे मोजकेच असतात आणि दहा हजारांच्या खाली येत नाहीत. त्यातल्या एकावर श्रीनगरच्या तपासणी केंद्राचं जी.आय. लेबल, म्हणजे माल खरा काश्मिरी असल्याची अधिकृत खूण, होतं, तेही त्यांनी स्वतःहून दाखवलं. मिश्र लोकरीचा माल ते ‘सेमी’ म्हणूनच विकतात. बाजारात अमृतसर-लुधियान्याचा यंत्रावरचा माल काश्मिरी म्हणून सर्रास खपवला जातो, त्यामुळे हे सांगणं गरजेचं आहे.

मी घेतलेली सोझनीची शाल उलटी करून मशीनच्या दिव्याखाली धरली. मशीनच्या भरतकामात मागे बॉबिनचा दोरा एकाच रंगाचा आणि एकाच ताणाचा दिसतो. इथे मागच्या बाजूलाही तेच रंग होते. पानाच्या टोकाला दोरा थांबलेला, पण गाठ नाही. त्याचं शेपूट आधीच्या टाक्यांतून ओढून घेतलेलं. एका कोयरीत हिरवा रंग मध्येच किंचित फिकट झालाय, तिथे एक लडी संपून दुसरी लागली असणार. हाताच्या कामाची याहून पक्की खूण मला माहीत नाही. कुणाला तरीही शंका असली तर चाचा शालीच्या दशीतले दोन धागे उपटून काडी लावतात. केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. सिंथेटिक असेल तर धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

तक्रारी आहेत. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मरून स्टोलचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. पुढच्या फेरीत त्यांनी बदलून दिला, पण त्यासाठी तिला महिनाभर थांबावं लागलं. भाव चढा सांगतात, घासाघीस करणारीला कमी पडतो आणि भिडस्त बाईला जास्त, हे मला पटत नाही आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंय. पक्कं बिल नाही. यूपीआय चालतं.

रफू मात्र असं की त्याच्यासाठी लांबून यावं. सासूबाईंच्या जुन्या शालीला कसर लागून दोन भोकं पडली होती. चाचांनी त्याच शालीच्या काठातून धागा काढला आणि आडव्या-उभ्यात एकेक विणत भरून काढलं. मी दिवसभर हेच काम करणारी बाई, मलाही जागा सापडायला बोट फिरवावं लागलं. दोन्ही भोकांचे मिळून तीनशे रुपये घेतले.

इतकं लिहून खरं तर थांबता आलं असतं. पण यंदा शालींबद्दल कमी आणि शालवाल्याबद्दल जास्त बोललं गेलं, म्हणून पुढचं लिहिते.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना मारलं. महाराष्ट्राचे सहा, त्यात पुण्याचे दोघे, आणि त्या दोघांतले एक आमच्या कर्वेनगरचे. बायकामुलांसमोर, धर्म विचारून गोळ्या घातल्या. त्या आठवड्यात माझ्या दुकानात येणारी प्रत्येक बाई तेच बोलत होती, कितीजणी रडल्या. तो संताप माझ्या मनात आजही आहे आणि तो निवावा असं मला वाटतही नाही. ज्यांनी मारलं, ज्यांनी त्यांना धाडलं, ज्यांनी आसरा दिला, त्या सगळ्यांना शिक्षा व्हायला हवी.

मग हिवाळा आला. १० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला, त्यात काश्मिरी डॉक्टरांची नावं आली, आणि नेमके त्याच सुमारास चाचा पुण्यात पोचले. जवळच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला की शालवाल्यांना आत सोडू नका. जिथे वॉचमन दरवर्षी त्यांना खुर्ची द्यायचा, तिथे त्यांना गेटबाहेर उभं ठेवलं. आधार दाखवलं, पोलीस चौकीत दिलेल्या माहितीची प्रत दाखवली, तरी आत जाता आलं नाही.

पडताळणीला माझा विरोध नाही. याच शहरात २०१० च्या फेब्रुवारीत जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसं गेली, आपण बेफिकीर राहू शकत नाही. पण मग नियम सगळ्यांना लावा. त्याच गेटमधून गादीवाला जातो, भंगारवाला जातो, पाण्याच्या फिल्टरची जाहिरात वाटणारी पोरं जातात, त्यांचं आधार कुणी मागत नाही. कागद पुरे पडत असूनही अडवलं, म्हणजे अडचण कागदाची नव्हती, नावाची होती.

एक दिवस एक बाई माझ्याकडे ब्लाउज न्यायला आल्या. ओट्यावरच्या शाली पाहून थांबल्या, एक उचललीही. भाव विचारण्याआधी त्यांनी पुतण्याला विचारलं, “पहलगाम के बारे में आपका क्या कहना है?” तो पोरगा जेमतेम विशीचा. तो गप्प झाला. चाचाच म्हणाले, “बहनजी, उस दिन हमारे गाँव में किसी के घर चूल्हा नहीं जला.” बाईंनी शाल खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, “असं सगळेच म्हणतात हो.”

मी त्यांना थांबवून घेतलं. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, अजूनही येतात, त्यामुळे जे बोलले ते इथेही लिहायला हरकत नाही. मी म्हटलं, ताई, सगळे नुसतं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी २३ एप्रिलला अख्खं खोरं बंद होतं, दुकानं, शाळा, सगळं, या हल्ल्याच्या निषेधात. तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. आणि बैसरनला जे २६ गेले त्यात घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह होता, तिथलाच, मुसलमान. पर्यटकांना वाचवायला पुढे झाला म्हणून त्याला गोळ्या घातल्या. घरचा कमावता तो. आपल्या एकनाथ शिंद्यांनी त्याच्या घरच्यांना पाच लाखांची मदत पाठवली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. बाई म्हणाल्या, “हो, वाचलं होतं.” आणि लगेच, “पण एखादाच असतो तसा.”

या ‘एखादाच’वर मी त्या रात्री फार विचार केला. मारणारे तिघे-चौघे असतात आणि त्यांच्यावरून लाखोंचा हिशोब मांडला जातो. वाचवायला जाणारा असला की तो मात्र एकटा, त्याच्यावरून कुणाचाच हिशोब होत नाही. हा कुठला न्याय?

बैसरनला मारले गेलेले नौदलाचे लेफ्टनंट विनय नरवाल यांच्या पत्नी हिमांशी नरवाल यांचं लग्न होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पुढे १ मे ला, नवऱ्याच्या वाढदिवशी, त्यांनी सांगितलं की लोकांनी मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नये, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. त्या पोरीला लोकांनी इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. जिचं कुंकू गेलं तिच्याहून जास्त दुःख या शिव्या देणाऱ्यांना झालं होतं का? त्याच दिवसांत मसुरीत शालवाल्यांना मारहाण झाली आणि बरेचजण माल आवरून गावी परतले.

आणखी एक बातमी, जी आमच्याकडे फार कुणी वाचलेली नाही. दिल्लीच्या स्फोटानंतर चार दिवसांनी श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त केलेल्या स्फोटकांचे नमुने घेताना तो साठा फुटला. नऊ जण गेले. बहुतेक पोलीस आणि तपासातली माणसं. पण त्यात एक शिंपी होता. नमुन्याच्या पिशव्या शिवायला पोलिसांनी त्याला बोलावून नेलं होतं. मी ती बातमी मशीनवर बसूनच वाचली. उद्या चौकीतून कुणी आलं आणि म्हणालं, ताई, चार पिशव्या शिवून द्या, तर मीही सुई-दोरा घेऊन निघेन. तो माणूस दहशतवाद्यांविरुद्धच्या तपासात कामी आला, आणि त्याच आठवड्यात त्याच्याच मुलखातल्या माणसांना इथे गेटवर अडवत होते.

हे फक्त काश्मिरींपुरतं नाही. माझ्या ब्लाउजांवर आरीकाम करून देणारा मुलगा भवानी पेठेतला. जन्म इथला, शाळा मराठी, बोलतो तुमच्या-माझ्यासारखं. देशात कुठेही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन येतो, “ताई, आज माल घेऊन येऊ ना?” एरवी तो कधी विचारत नाही, सरळ येतो. त्याच्या आईने २०१४ पासून त्याला संध्याकाळी टोपी घालून हडपसरकडे जाऊ दिलेलं नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये मोहसीन शेख, सोलापूरचा, पुण्यात आयटीत नोकरी करणारा तरुण, नमाजाहून परतताना हडपसरला मारला गेला. फेसबुकवरच्या कुठल्यातरी चित्रांवरून शहर पेटलं होतं, त्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. आपल्या शहरात हे घडलंय, आणि ज्या घरांत ती भीती आहे ती घरं आपल्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहेत.

गेटवरची अडवणूक आणि बैसरनची गोळी एक नव्हे, असं कुणी म्हटलं तर मी आधी विरोध करीन. पण नाव ऐकून माणसाचं काय करायचं ते ठरवायचं, ही रीत मला माझ्या ओट्यावर नको. ज्यांनी ती कुरणात वापरली त्यांनी माझ्या शेजारच्या घरातला माणूस नेला.

म्हणून यंदा मी आतलं एक कपाट रिकामं करून चाचांना दिलं. गाठोडं आता रोज उचलून न्यावं लागत नाही. दोन बायकांनी येणं बंद केलं, नव्या चार-पाच येऊ लागल्या. ज्या सोसायटीने अडवलं तिथल्याच एक आजी लिफ्टने खाली येऊन, काठी टेकत रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या आणि नातसुनेसाठी राणी रंगाची सोझनी घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, “पिशवी साधीच दे, त्यांना उगाच बोलायला विषय नको.” मी साधी पिशवी दिली, पण आजींनी असं लपवून न्यावं लागणं मला फार लागलं. चेअरमन साहेबांना मी चिठ्ठी लिहून दिलीय की सर्व फेरीवाल्यांसाठी एकच नोंदवही ठेवा. अजून उत्तर नाही. सोसायटीतल्या कुणी हे वाचलं तर सभेत विषय काढा.

पुतण्याबद्दल थोडं. तो अजून सोझनी शिकतोय, गिऱ्हाईक नसलं की टेबलाच्या कोपऱ्यात बसून टाके घालतो. पहलगामकडे त्याचा मोठा भाऊ टॅक्सी चालवतो. एप्रिलनंतर तिथली बरीच पर्यटनस्थळं सरकारने बंद ठेवली, नंतर टप्प्याटप्प्याने उघडली, पण गाडीचे हप्ते काही थांबले नाहीत. या वर्षी गाठोड्यात माल जास्त आहे तो त्यामुळे. घरात पडून राहिलेलं सगळं घेऊन आलेत.

ज्यांना यायचंय त्यांनी दुपारी तीन ते सहामध्ये यावं, सकाळी ते फेरीवर असतात. भाव करा, बिनधास्त करा, पण शाल उलटी करून बघितल्यावर करा. गडद लाल आणि मरून घेणार असाल तर आधी ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून बघा. पहिलं धुणं घरी नको, ड्रायक्लीनला द्या. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागतोय, त्याआधी त्यांना घरी पोचायचंय, तेव्हा रफूची कामं जानेवारीतच आणून टाका. भोक पडलेल्या जागी टाचणी लावा, शालीला चिठ्ठी जोडून नाव आणि फोन लिहा, आणि ते नसले तर माझ्याकडे ठेवून जा.