मांजरांच्या घरात पिल्लू येणार: आधी क्रेट घ्यावा की गेट?

घरात मांजरं आहेत आणि आता कुत्र्याचं पिल्लू यायचंय, म्हटलं की दोन गोष्टींची नावं कानावर येतात, क्रेट (पिल्लाला ठेवायचा गजांचा पिंजरा) आणि बेबी गेट (दाराच्या चौकटीत बसवायचं गजांचं बुटकं फाटक). दोन्ही घ्यायचं तर खिसा आणि हॉल, दोघांनाही ते जड जातं. आमच्या टू बीएचकेत दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितोय. लसी, जंताचं औषध, घाई न करता ओळख करून देणं, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून न तोडणं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आमच्याकडची मंडळी अशी: ठमी, वयस्कर मांजर, कंबर धरलेली. बाळ्या, तरुण बोका, कोणाच्याही अंगावर जाणारा. आणि सोसायटीच्या पार्किंगमधून वर आलेलं गावठी पिल्लू, गुंड्या.

क्रेटचं खरं कौतुक रात्रीचं. पिल्लं झोपायच्या जागी घाण करायचं शक्यतो टाळतात, त्यामुळे शी-सूची शिस्त लवकर लागते. आमच्या पलंगाशेजारी क्रेट ठेवल्यावर सुरुवातीचं रडणंही फार लांबलं नाही. डॉक्टरकडे गाडीतून नेताना तर क्रेटसारखं दुसरं काही नाही. घरात दिवसा थोडा वेळ कोणीच नसेल तेव्हाही तो लागतोच. एवढं त्याच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण ‘पिल्लू क्रेटमध्ये ठेवा, मांजरं बाहेरून वास घेतील, ओळख होईल’ हा सल्ला आमच्याकडे काही जमला नाही. बाळ्याने पहिल्याच दिवशी क्रेटच्या छपरावर बैठक मारली आणि शेपूट गजांसमोर हलवत बसला. मांजराची शेपूट हलते ती वैतागाने. गुंड्याला ते आमंत्रण वाटलं. आत कोंडलेलं पिल्लू हलणारी शेपूट बघून भुंकत राहतं, आणि मांजर दिसलं की भुंकायचं हे तिथेच शिकतं, असं माझं मत झालंय. वरून जुनी चादर टाकल्यावर प्रकार थांबला, पण मग ओळखही थांबली. तुमची मांजरं शांत असतील तर कदाचित वेगळं घडेल.

तरी यावरून मी क्रेटला मागे टाकलं नसतं. निकाल लागला तो लिटर बॉक्सवरून, म्हणजे मांजरांच्या शी-सूसाठी ठेवलेल्या, लिटर नावाची रेती भरलेल्या डब्यावरून.

कुत्र्याला मांजराची शी आवडते. नाइलाज म्हणून नव्हे, मनापासून. मांजराच्या खाण्यात प्रथिनं जास्त असतात. अमेरिकेतल्या खाद्यमानकांनुसार प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या खाण्यात ती किमान १८ टक्के लागतात, तर प्रौढ मांजराच्या खाण्यात २६ टक्के. बाहेर पडणारा मालही त्याच दर्जाचा, त्यामुळे गुंड्याच्या दृष्टीने लिटर बॉक्स म्हणजे उघडा ठेवलेला फरसाणाचा डबा. ठमीने खरवडल्याचा आवाज आला की हा कुठेही असो, धावलाच. नाकाला राखाडी लिटर चिकटलेलं, आणि तेच तोंड घेऊन तुमच्या मांडीवर. बेंटोनाइट मातीचं, ओलं झालं की गोळा होणारं लिटर जास्त पोटात गेलं तर आतडं तुंबू शकतं, शिवाय जंतांचा प्रश्न वेगळाच. तुम्ही फावडं घेऊन पोचेपर्यंत कार्यक्रम उरकलेला असतो.

झाकणाचा बॉक्स आणला. गुंड्याने त्याच्या तोंडातून डोकं आत घातलं, आणि तेव्हा ठमी आतच होती. एकच वाट, तीही अडवलेली. त्यानंतर ती बाथरूमच्या पायपुसण्यावर जाऊ लागली. बॉक्स उंचावर ठेवला तर तिला चढवेना.

हे फक्त किळसवाणं म्हणून मी एवढं लांबवत नाहीये. मांजर ताणाखाली असलं की मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि बोक्यांची मूत्रनलिका इतकी अरुंद असते की लघवी तुंबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. ज्या घरात मांजराला निवांतपणे लिटर बॉक्सवर जाता येत नाही, तिथे बाकीचे लाड काही कामाचे नाहीत.

क्रेटकडे याला उत्तरच नाही. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन-चार तास सू धरू शकतं, तेव्हा ते दिवसभर क्रेटमध्ये राहणार नाही आणि राहूही नये. बाहेर आलं की सगळं घर त्याचं. गेट मात्र घराचेच दोन भाग करतं. आम्ही ते लहान बेडरूमच्या दाराला लावलं. आत लिटर, मांजरांचं खाणं-पाणी, कपाटावर जायची सोय. पिल्लू बाहेर मोकळं, मांजरं आत मोकळी, आणि मधून एकमेकांना बघायची मुभा. कोणी किती जवळ जायचं हे ठमी ठरवायची. आधी कपाटावरून, मग पलंगावरून, आणि एक दिवस गजांना नाक लावून. गुंड्या त्या वेळी चक्क बसला होता.

गेट घेताना खाली मांजरापुरती खिडकी असलेलं बघा. बाळ्या वरून उडी मारतो, ठमीला ती खिडकी लागते. मात्र पिल्लू लहान असेपर्यंत तेही त्यातून आरामात जातं, म्हणून आम्ही सुरुवातीला खिडकी बंद ठेवून ठमीला आतच राहू दिलं. तिची काही तक्रार नव्हती. गुंड्याची छाती भरल्यावर प्रश्न मिटला. पॉमेरेनियन किंवा डॅशहुंड आणणार असाल तर ही खिडकी कधीच कामाची नाही, आणि मग म्हाताऱ्या मांजरापुरता माझा कौलही जरा डळमळतो.

गेटचा जाच नाही असं नाही. चौकटीत दाबून बसवायच्या गेटला खाली जमिनीलगत एक आडवी पट्टी असते. दिवसा ती लक्षात राहते, रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या पायाला सापडते. आमच्या आईने त्या पट्टीला ठेवलेली नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत. घरात वयस्कर माणसं असतील तर स्क्रूने बसणारं, खाली पट्टी नसलेलं गेट घ्या. भाड्याच्या घरात आधी मालकाला विचारा, आणि ग्रॅनाइटच्या चौकटीत भोकं पाडायला ड्रिल चालवणारा माणूस जपून निवडा. क्रेट काय, कुत्रा मोठा झालेल्या एखाद्या ओळखीच्या घरी माळ्यावर धूळ खात पडलेला सापडतोच. तो मागून आणा, पैसे गेटवर घाला.