दोनशे नॅनोमीटरचं दळण: लॅबमधली बीड मिल घ्यावी का?

पाण्यात न विरघळणारं औषध २०० नॅनोमीटरपर्यंत दळून देणं, एवढंच काम असेल तर १०० मिली चेंबरची बीड मिल (बारीक मण्यांसोबत घुसळून ओलं दळण करणारं यंत्र) ते दोन-तीन तासांत चोख करते. तिथे तक्रारीला जागा नाही. पण यंत्र आलं की नॅनोसस्पेन्शन (इतक्या बारीक कणांचं पाण्यातलं टिकाऊ मिश्रण) झालंच, असं धरून खरेदी करणाऱ्यांची निराशा ठरलेली. दळण पडतं, पण ते टिकवणं, सुकवणं आणि नीट मोजणं यंत्राच्या बाहेर घडतं, आणि प्रकल्प बहुतेक वेळा तिथेच अडकतात.

माहितीपत्रकातला एक दावा आधी खोडायला हवा. ‘विद्राव्यता (पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळतं ते) अनेक पटींनी वाढते’ असं छापलेलं असतं. २०० नॅनोमीटरच्या स्फटिकाची विद्राव्यता ओस्टवाल्ड-फ्रॉइंडलिखच्या समीकरणाने काढली तर वाढ साधारण पाच-दहा टक्क्यांच्या घरात येते. वाढतो तो विरघळण्याचा वेग. घनता १.३ धरली तर १० मायक्रॉनच्या एक ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटरही भरत नाही; २०० नॅनोमीटरला तोच २३ चौरस मीटर होतो. १९९५ साली लिव्हरसिज आणि कंडी यांनी डॅनाझॉल हे औषध कुत्र्यांना देऊन मोजलं. १० मायक्रॉनच्या साध्या सस्पेन्शनमधून ५.१ टक्के औषध रक्तात पोचलं, १६९ नॅनोमीटरच्या दळणातून ८२.३ टक्के. (औषधाला कवेत घेऊन विरघळवणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये विरघळवलेलं डॅनाझॉलही तितकंच चांगलं शोषलं गेलं होतं, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत.) असं दळलेल्या औषधांची बाजारातली उदाहरणंही भक्कम आहेत: २००० सालची रापाम्यून गोळी, २००३ची एमेंड, २००४ची १४५ मिलिग्रॅमची ट्रायकोर. ट्रायकोरमध्ये १६० मिलिग्रॅमचा डोस १४५वर आला आणि गोळी जेवणासोबतच घ्यायची अट गेली.

म्हणून यंत्राआधी औषध तपासा. शोषण विरघळण्याच्या संथ वेगामुळे अडत असेल तर मिल उपयोगी. डोसच्या मानाने विद्राव्यता इतकी कमी की आतड्यातलं पाणी संपृक्त होऊन बसतं, अशा औषधाला कितीही बारीक दळा, फारसं काही पदरात पडत नाही. तिथे अस्फटिक सॉलिड डिस्पर्शनकडे (औषध स्फटिक न ठेवता पॉलिमरमध्ये विखुरणं) वळावं. आतड्याच्या भिंतीतूनच औषध जात नसेल तर दळण्यात अर्थच नाही. वितळणबिंदू १०० अंशांच्या खाली असेल तर जपून. फेनोफायब्रेट (ट्रायकोरमधलं औषध) ८०-८१ अंशांना वितळतं आणि तरी दळलं जातं, पण थंडाव्यात ढिलाई झाली की मण्यांवर मेणासारखं फासलं जातं.

आता प्रत्यक्ष चालवणं. ५०० ग्रॅमच्या बॅचसाठी सुरुवातीचं माप: औषध ५० ग्रॅम, एचपीसी-एसएल (सेल्युलोजपासूनचा पॉलिमर) १२.५ ग्रॅम, सोडियम लॉरिल सल्फेट (साबणासारखं द्रव्य) ०.५ ग्रॅम; हे दोन्ही स्टॅबिलायझर, म्हणजे कणांना एकमेकांना चिकटू न देणारे; पाणी ४३७ ग्रॅम. एचपीसी साध्या तापमानाच्या पाण्यात भोवरा करून थोडं थोडं सोडावं आणि रात्रभर फुगू द्यावं. गरम पाण्यात ते विरघळत नाही, ४०-४५ अंशांच्या वर उलट बाहेर पडतं. मिलमधून बाहेर येणारी स्लरी (औषधाचं पातळ मिश्रण) ३० अंशांच्या आत ठेवायची ती मुख्यतः याचसाठी: तापमान चढलं की कणांवरचं संरक्षण सुटतं आणि दळलेलं पुन्हा चिकटतं. औषध आधी जेट मिलमधून (हवेच्या झोताने कोरडं दळणारी मिल) काढलेलं हवं, डी-९० (ज्याच्या आत ९० टक्के कण बसतात तो आकार) वीस-तीस मायक्रॉनच्या आत. जाड पावडर थेट टाकली तर पहिल्या दहा मिनिटांत मणी अडवणारी स्क्रीन तुंबते आणि दाबाचा काटा चढतो.

मणी ०.३ मिलिमीटरचे, यट्रिया-स्थिर झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचे, चेंबरच्या ८० टक्के आकारमानाइतके. वजनात जवळपास ३०० ग्रॅम. स्क्रीनची फट मण्याच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी. नवे मणी आधी तासभर नुसत्या स्टॅबिलायझरच्या पाण्यात फिरवून ते राखाडी पाणी फेकून द्यावं, नाहीतर पहिली बॅच झिर्कोनियाने खराब होते. पंप आधी सुरू करा, हवा निघून जाऊ द्या, मगच मणी फिरवणारा रोटर. कोरडे मणी फिरवले की फुटतात. रोटरच्या टोकाचा वेग दहा मिनिटं ६ मीटर प्रति सेकंद, मग १०. नमुने १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना.

वेळेच्या हिशेबात अनेकजण फसतात. मण्यांनी भरलेल्या १०० मिली चेंबरमध्ये द्रवाला जागा उरते ५० मिलीच्या आसपास. म्हणजे ५०० ग्रॅमची बॅच दोन तास फिरली तरी प्रत्येक थेंब मण्यांमध्ये राहतो फक्त १२ मिनिटं. बॅच दुप्पट केली की वेळही दुप्पट. उलट १०० ग्रॅमची छोटी बॅच घेतली तर चेंबर आणि नळ्यांतच निम्मी अडकून वाया जाते. महागडं औषध हातात असताना हा या यंत्राचा सगळ्यात बोचणारा दोष.

दुसरा दोष फेस. एचपीसी आणि सल्फेट एकत्र म्हणजे फेस येणारच, आणि हवेचे बुडबुडे मण्यांचा मार झेलून घेतात. परतीची नळी भांड्यात वरून सोडू नका, तिचं तोंड द्रवात बुडवा आणि भांड्यातला स्टिरर हळू ठेवा. फेस दाबायला सल्फेटच वाढवायची युक्ती अंगाशी येते. ०.२३ टक्क्यांच्या पुढे मायसेल (सल्फेटच्या रेणूंचे पुंजके) बनू लागतात, बारीक कण त्यात विरघळून मोठ्यांवर बसतात, आणि आज २०० असलेलं दळण आठवड्यात ६००वर जातं.

मोजताना नमुना साध्या पाण्यात पातळ करू नये, बारीक कण विरघळून जातात. औषधाने संपृक्त केलेलं, गाळलेलं स्टॅबिलायझरचं पाणी वापरावं. एक वाचन सोनिकेशनआधी (अल्ट्रासाउंडने हलवण्याआधी), एक मिनिटभराच्या सोनिकेशननंतर. दुसऱ्यात आकार घसरला तर मिल दोषी नाही, कण एकमेकांना धरून बसलेत आणि स्टॅबिलायझर कमी पडतोय. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीही बघा. डी-५० (कणांचा मधला आकार) सुंदर दिसत असताना काचेवर पाच मायक्रॉनच्या काड्या सापडतात.

डिझोल्यूशनचा (औषध किती वेगाने विरघळतं ते मोजण्याच्या चाचणीचा) नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढणं ही तर नेहमीची चूक. २०० नॅनोमीटरचा कण त्यातून आरामात निसटतो, एचपीएलसीच्या (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) सॉल्व्हेंटमध्ये विरघळतो, आणि ‘पाच मिनिटांत १०० टक्के’ असा आलेख मिळतो. तो आलेख कण गाळता आले नाहीत एवढंच सांगतो. ०.१ किंवा ०.०२ मायक्रॉनचा फिल्टर वापरा. विक्रेत्याने आलेख दाखवला तर पहिला प्रश्न फिल्टरचाच विचारावा.

सुकवण्यासाठी स्प्रे ड्रायरला (फवारून सुकवणाऱ्या यंत्राला) पाठवण्याआधी औषधाइतकंच मॅनिटॉल (साखरेसारखं द्रव्य) घाला. पावडर पाण्यात टाकून हाताने हलवल्यावर २००चे २१०-२२० आले तर ठीक. दोन मायक्रॉन आले तर सगळी मेहनत पाण्यात. एमेंडमध्ये हे दळण साखरेसह सेल्युलोजच्या मण्यांवर चढवलेलं आहे, आणि हा मार्ग स्प्रे ड्रायरपेक्षा जास्त माफ करणारा.

हाय प्रेशर होमोजिनायझरशी (जास्त दाबाने अरुंद फटीतून ढकलून कण फोडणारं यंत्र) तुलना होते. त्याला १५०० बारवर वीसेक फेऱ्या लागतात, यंत्राची झीज औषधात कमी मिसळते, पण कठीण स्फटिकाला तो ३००-४००च्या खाली नेताना दमतो. शिरेतून द्यायच्या औषधाला त्याचा विचार करावा, तोंडावाटे द्यायच्याला बीड मिलच बरी.

खरेदीआधी एक स्वस्त चाचणी: २० मिलीच्या आठ काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत अर्धा ग्रॅम औषध, ५ मिली वेगवेगळ्या स्टॅबिलायझरचं द्रावण, तळाशी ०.५ मिलिमीटरचे मणी, आणि मॅग्नेटिक स्टिररवर २४ तास. आठांपैकी एकही बाटली आठवडाभर टिकली नाही, तर ऑर्डर थांबवा. टिकली, तर यंत्रासोबत दोन जादा स्क्रीन आणि एक मेकॅनिकल सील (रोटरच्या दांड्याशी गळती रोखणारा भाग) त्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या. हे दोन्ही भाग झिजणारे आहेत.