आधी कागद, मग फी: किनाऱ्यावरच्या एका प्रवेश कक्षाबद्दल

बारावीचा निकाल लागला की घराघरात पहिली धावपळ सुरू होते ती फीच्या पैशांची. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरचं हे अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय मात्र पहिल्या भेटीत पैशांचा विषयच काढत नाही. प्रवेश कक्षाच्या खिडकीवरचे कर्मचारी फाइलमधले कागद टेबलावर मांडायला सांगतात आणि एकेका कागदावरचं नाव आधार कार्डाशी ताडून बघतात. माणशी पंधरा-वीस मिनिटं जातात, रांग लांबते, शेवटची एसटी चुकेल म्हणून पालक चुळबुळ करतात. तरी या कक्षाचं सगळ्यात मोलाचं काम हेच. पुढे वर्षभर जे अर्ज रखडतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा याच टेबलावर सापडतं.

उदाहरणार्थ, सावंत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग गुणपत्रिकेवर डब्ल्यूने आणि आधारवर व्हीने. नावाचा क्रम मागेपुढे असला तर निभावतं, अक्षर बदललं की अडतं. इथे सल्ला स्पष्ट मिळतो: गुणपत्रिकेप्रमाणे आधार दुरुस्त करा. गुणपत्रिका बदलायची तर शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो आणि त्यात महिने जातात. आधारची दुरुस्ती त्या मानाने लवकर होते.

कागद जुळले की विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षासाठी ती समर्थ पोर्टलवर करावी लागते. महाविद्यालयाचा स्वतःचा अर्ज वेगळा. दोन्ही अर्ज भरायचे असतात आणि एक भरून दुसरा राहिलेली मुलं दरवर्षी निघतात. त्याबरोबर अपार किंवा एबीसीचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींच्या ऑनलाइन खात्याचा, 12 अंकी क्रमांक लागतो, तो डिजिलॉकरमधून मिळतो. डिजिलॉकर उघडायला ओटीपी हवा आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. तो नंबर बहुधा वडिलांचा, वडील मुंबईला नाहीतर रेंज नसलेल्या वाडीत. म्हणून खिडकीवरचा पहिला प्रश्न असतो, "आधारचो मोबाईल कोणाकडे आसा गो?" हा प्रश्न आधी विचारल्यामुळे खूप हेलपाटे वाचतात. घरून निघतानाच ज्याच्याकडे तो फोन आहे त्याला सांगून ठेवावं आणि सकाळीच यावं. पावसात दुपारनंतर लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. कक्षात इन्व्हर्टर आहे, पण तो संगणकापुरता. झेरॉक्स बंद पडते. प्रत्येक कागदाच्या किमान पाच झेरॉक्स घरूनच आणाव्यात आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याचा स्वच्छ स्कॅन काढून ठेवावा. एकदा तो दप्तरात गेला की परत मिळवणं सोपं नसतं.

वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग भागातली काही मुलं गोवा बोर्डातून बारावी होऊन येतात. त्यांना प्रवेश मिळतो, पण महाराष्ट्राबाहेरचं मंडळ असल्यामुळे विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. कक्ष ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच लेखी देतो. हे फार बरं केलं आहे, कारण पात्रता अडकली की परीक्षेचा अर्ज अडकतो आणि ते कळतं तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो.

विषय निवडीचं मार्गदर्शन त्या मानाने कोरडं. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतला निवडीचा विषय) यांचा छापील तक्ता हातात पडतो आणि सही घेतली जाते. प्रत्येक सत्राला 22 क्रेडिट (अभ्यासाच्या कामाचं माप), तीन वर्षांचे 132, एवढं त्यात आहे. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडून प्रमाणपत्र घ्यायचं तर जादा 4 क्रेडिटचं काम करावं लागतं, हे नाही. घरच्या अडचणीमुळे मध्येच शिक्षण सुटण्याची भीती असलेल्या मुलाला याच ओळीची सर्वाधिक गरज असते.

फीच्या हप्त्यांबद्दल मात्र मनापासून दाद द्यायला हवी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि प्रवेश नेमके त्याच दिवसांत होतात. होडीवर पोट असलेल्या घरात तेव्हा रोकड नसते. आंबा-काजूवाल्या घरात हंगामाचे पैसे जूनमध्ये असतात, पुढे आटतात. कक्षाने हे ध्यानात घेऊन हप्ते लावले आहेत: प्रवेशाला लहान रक्कम, दुसरा हप्ता गणपतीनंतर, तिसरा जानेवारीत. ज्याला सगळं आधी भरायचं त्याने भरावं. साधा अर्ज, पालकाची सही, बस. जामीनदार मागत नाहीत.

आता शिष्यवृत्ती. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जासाठी कक्षाने जुलै ते सप्टेंबर दर बुधवारी मदतीचं टेबल लावलं आहे आणि तिथे बसणाऱ्यांना खाचखळगे ठाऊक आहेत. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख, खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला 8 लाख, हे तर फलकावर आहेच. शाहू योजनेचा लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो, हेही ते आठवणीने सांगतात. "मुलींना सगळं फुकट झालंय ना?" असा प्रश्न दर बुधवारी येतो. त्याचं उत्तर असं: मुलींच्या फीमाफीचा 8 जुलै 2024 चा शासन निर्णय राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, बी.ए., बी.कॉम.च्या मुलीने तिला लागू होणाऱ्या योजनेतूनच अर्ज करायचा.

सर्वाधिक घोळ उत्पन्नाच्या दाखल्यात होतो आणि त्यामागचं कारण अस्सल कोकणी आहे. आई-मुलं गावात, वडील मुंबईत नोकरीला, रेशन कार्ड कधी इथलं, कधी तिथलं. तलाठ्याच्या अहवालावर फक्त शेतीचं उत्पन्न धरून दाखला काढला आणि नंतर वडिलांचा पगार उघड झाला, तर अर्ज बाद होतो, शिवाय चुकीची माहिती दिल्याचा ठपका येतो. वडिलांचा फॉर्म 16 किंवा पगारपत्रक जोडूनच दाखला काढावा. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याला 15 दिवसांची मुदत आहे, पण जूनमध्ये तहसीलवर गर्दी उसळते, म्हणून निकालाची वाट न बघता मे महिन्यातच सेतू गाठावा. अशा दाखल्यांसाठीच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टॅम्प पेपरचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत. नॉन-क्रीमिलेअरचा, म्हणजे मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा, कागद वेगळा असतो, उत्पन्नाचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे वळायचं असेल तर जात पडताळणीची तयारी आत्ताच करावी. कुणबी, भंडारी अशा इतर मागासवर्गीय कुटुंबांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यातला सगळ्यात उपयोगी कागद आणि तो गावच्या जिल्हा परिषद शाळेतच मिळतो.

अर्ज भरताना दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली अभ्यासक्रमाची. याच आवारात बी.कॉम. अनुदानित आहे आणि बी.एस्सी. आयटी विनाअनुदानित, यादीतून चुकीची तुकडी निवडली की फीची रक्कम जुळत नाही आणि अर्ज परत येतो. दुसरी बँकेची. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे तेच खातं थेट लाभासाठी नोंदलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे एनपीसीआयकडे शेवटी नोंदलेल्या खात्यात जातात. मग शाळेत असताना उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याकडे रक्कम निघते आणि परत फिरते. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या नोंदणीची, स्थिती दोन मिनिटांत दिसते. बुधवारच्या टेबलावर ती आधी तपासतात, मगच अर्ज उघडतात. ही पद्धत इतर महाविद्यालयांनी जशीच्या तशी उचलावी.

एसटीच्या पासचं काम सुरळीत आहे. सवलत 66.67 टक्के, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, त्यामुळे प्रथम वर्षाला हा खर्च नव्याने येतो; महिलांच्या अर्ध्या तिकिटापेक्षा तरी रोज ये-जा करणारीला पासच परवडतो. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ यांचे अर्ज कक्ष करून देतो, मात्र यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) परीक्षेच्या तोंडावर न देता प्रवेशावेळीच द्यावं. समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात. बसायची जागा कार्यालयाच्या मधोमध आहे. चारचौघांत कोण बोलणार? ग्रंथालयामागची खोली रिकामी आहे, ती द्यावी.

खरी उणीव डिसेंबरनंतर दिसते. महाडीबीटीचा अर्ज भरला की काम झालं, असा समज मुलांचाही आणि कक्षाचाही. प्रत्यक्षात तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनवर, मग प्राचार्यांच्या आणि मग संबंधित विभागाच्या कार्यालयात जातो. कुठल्याही पायरीवर त्रुटी निघाली की तो मुलाच्या लॉगिनमध्ये परत येतो. संदेश जातो तो नोंदवलेल्या नंबरवर, म्हणजे पुन्हा मुंबईतल्या वडिलांच्या फोनवर. दुरुस्तीची मुदत टळते आणि वर्षाची शिष्यवृत्ती जाते. मंजूर झालेल्या अर्जांचंही तसंच. लॉगिन करून रिडीम केल्याशिवाय, म्हणजे मंजूर रक्कम स्वीकारल्याची नोंद केल्याशिवाय, रक्कम पुढे सरकत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्यातलं शिक्षण शुल्क सात दिवसांत महाविद्यालयात भरायचं असतं. हे आधी सांगितलं नाही, तर पैसे घरखर्चात जातात आणि मार्चमध्ये थकबाकीची नोटीस येते. त्या घराला तो धक्का मोठा असतो.

जुलैत जी माणसं रांगेतल्या प्रत्येकाचं आडनाव अक्षर अक्षर तपासतात, ती जानेवारीत परीक्षेच्या कामाला जुंपलेली असतात, हे आम्ही जाणतो. पण लिपिकाच्या लॉगिनवर परत आलेल्या अर्जांची यादी दिसते. दर शनिवारी ती काढून नुसते हजेरी क्रमांक एसटी थांब्याकडच्या फलकावर लावले, तरी मुलं घरी जाताना बघतील. मार्चपर्यंत एवढं एकच काम नेमाने व्हावं.