नऊ, बारा की पंधरा इंच? मिरचीच्या ग्रो बॅगा नऊ महिने वापरल्यावर

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी आटोपता आटोपता तीन मापांच्या ग्रो बॅगा आणल्या. नऊ, बारा आणि पंधरा इंची, प्रत्येकी चार, हिरव्या प्लास्टिकच्या. शिवाय बारा इंचीच दोन कापडी. घर गोव्यात डिचोलीला, अर्ध्या गच्चीवर पत्रे. बी काणकोणच्या खोला मिरचीचे, २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली तीच. तिकडे ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढते. तिला पिशवीत बसवणे हा माझा आगाऊपणा.

कापडी बॅग मागितली तेव्हा दुकानदार गालात हसला. "कसलें झाड लायतले तुमी?" त्या हसण्याचा अर्थ घरी येऊन नेटवर शोधल्यावर कळला. या बॅगांची निम्मी चर्चा परदेशातल्या गांजावाल्यांची, केवढ्या कुंडीत माल किती कडक होतो याची. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने ती लागवड विनापरवाना केली तर सरळ तुरुंग. पण प्रश्न माझाही तोच होता: भांडे मोठे केले की झाड वाढते, पण तिखटही वाढते का?

इंचांवर जाऊ नका, फसाल. काठोकाठ भरली तर नऊ इंचीत साधारण ९ लिटर माती मावते, बारात २२ आणि पंधरात थेट ४३. भिजलेली पंधरा इंची हलवायला दोन माणसे लागतात. मी एकट्याने ओढायला गेलो आणि तिचा कान हातात आला.

जूनमध्ये रोपे लावली. सगळ्यात वाईट सुरुवात पंधराचीच. एवढीशी मुळे, एवढी ओली माती. ती पाणी ओढणार किती? पत्र्याखालीही पावसाची झड येत होती. चारातली दोन रोपे बुडाशी कुजून गेली. तळाला भोकेही कमीच होती, मग तापवलेल्या सळईने आणखी पाडली. बाकीची दोन मात्र सप्टेंबरपर्यंत कमरेला लागली. बारातली त्यांच्याहून वीतभर कमी, नऊमधली गुडघ्याएवढी. नऊमधले एक उपटून पाहिले तर तळाशी मुळांची सुंभासारखी गुंडाळी झालेली. कापडी बॅगेत तसे होत नाही. मुळाचे टोक कडेला आले की हवेने सुकते आणि मागून नवे फाटे फुटतात. पण ऑक्टोबरच्या उन्हात तीच बॅग दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत. दोन वेळा पाणी घालायची तयारी असेल तरच कापडाच्या वाटेला जा.

मिरच्या बारा इंचीने नऊच्या दुप्पट तरी दिल्या. पंधराने बारापेक्षा थोड्याच जास्त, माती मात्र जवळजवळ दुप्पट खाल्ली.

आता तिखट. बांगड्यात भरायच्या रेशादला, म्हणजे लाल मिरचीच्या वाटणाला, आई नेहमीच्या अंदाजाने मिरच्या घेते. नऊ इंचीतल्या घेतल्या त्या दिवशी सगळे नाक पुसत जेवले. मला वाटले, सापडले गुपित! पण ही झाडे ऑक्टोबरभर रोज दुपारी मान टाकत होती, तेव्हा श्रेय पिशवीचे की तहानेचे? म्हणून डिसेंबरात बारातल्या एका झाडाचे पाणी मुद्दाम तोडले. त्याच्याही मिरच्या झणझणीत निघाल्या, फुले मात्र निम्मी गळली. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होते. ते किती असेल हे मुख्यतः वाणावर ठरते, पाण्याच्या ताणाने थोडे वरखाली होते. माझ्या गच्चीवर तरी मोठ्या पिशवीने मिरच्या वाढल्या, तिखटपणा नाही.

यंदा रोपे आधी नऊ इंचीत वाढवून मग बारात हलवणार. हिरव्या बॅगा उन्हाने पांढुरक्या पडल्यात, अजून एक पावसाळा काढतील असे दिसते. पंधरा इंचीच्या ज्या दोन रिकाम्या पडल्या, त्यांत आईने ऑगस्टमध्येच अळू लावले. सगळ्या गच्चीत तेच खूश आहे.