मिनेसोटाचं हॉकी सीझन तिकीट: बिग टेनच्या वेळापत्रकात काय मिळतं

2017-18 मध्ये नोटर डेम विद्यापीठ आल्यापासून बिग टेन या अमेरिकी विद्यापीठांच्या लीगमध्ये आइस हॉकीचे सात संघ आहेत, मिनेसोटा विद्यापीठ त्यातलंच. प्रत्येकाशी चार सामने, दोन घरी, दोन बाहेर, असे एकूण 24. सहसा शुक्रवार-शनिवार जोडीने, म्हणजे घरच्या सहा जोड्या पक्क्या. शुक्रवारी हरलेला संघ शनिवारी पुन्हा त्याच गोलरक्षकासमोर उभा, ही मजा औरच! संघ विषम, त्यामुळे दर आठवड्याला एकाला तरी लीग सामना नसतोच. खरी खंत वेगळीच आहे. 2013 मध्ये लीगांची फेररचना झाली, त्याआधी नॉर्थ डकोटा, सेंट क्लाउड, डुलुथ हे मिनेसोटाच्या तेव्हाच्या डब्ल्यूसीएचए लीगमधले हक्काचे प्रतिस्पर्धी होते. आता हंगामाच्या 34 सामन्यांच्या मर्यादेत उरलेल्या दहांत त्यांना बोलणी करून बसवावं लागतं. लीगबाहेरच्या घरच्या जोड्या कोणाशी आहेत, ते पाहूनच पैसे भरा.