भद्रकाली मार्केटजवळ साडेआठ महिने राहून झाले, आता सांगतो

जुलैत इंदिरानगरचा फ्लॅट सोडून गावात राहायला आलो (नाशिकमध्ये जुन्या भागाला गावच म्हणतात) तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. आईचा हट्ट होता, तिला रोज भाजी स्वतः बघून घ्यायची असते आणि तिकडे आठवड्याची भाजी फ्रिजमध्ये कोंबायची म्हणजे तिला पाप वाटायचं. भद्रकाली भाजी मार्केटपासून चालत तीन मिनिटं, जुन्या वाड्याचा दुसरा मजला, लाकडी जिना इतका उभा की पहिल्या दिवशी गॅस सिलिंडरवाल्याने खालूनच हात जोडले.

पहिला महिना वाईट गेला, खोटं नाही सांगत. पहाटे पाच म्हणजे इथे सकाळ असते, हातगाड्यांची खडखड, टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न, कोणीतरी कोणाला तरी शिव्या घालतंय. पावसात कोबीची पानं कुजून जो वास येतो तो पडद्यांना पण लागतो. पार्किंग हा विषयच काढू नका. एकदा दहीपुलाजवळ स्कूटर लावली आणि तासाभराच्या पावसात सायलेन्सरमध्ये पाणी. खालून सरस्वती नाला जातो, तो तुंबला की पाणी रस्त्यावर येतं हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, मला सोडून.

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इथे हवामान खात्याकडे कोणी बघत नाही, एकच प्रश्न, दुतोंड्या मारुतीला (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती) किती पाणी? गुडघ्याला आलं, कमरेला आलं असं फोनवर चालू असतं आणि तेवढ्यावर सराफ बाजारातले लोक माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. आमचा भाग उंचावर आहे त्यामुळे घराला काही झालं नाही, पण घरमालक आजोबा २०१६ च्या ऑगस्टचा पूर असा सांगतात की आपलेच पाय ओले व्हावेत.

आता भाजीचं. गंमत अशी की फ्रिज अर्धा रिकामा असतो आता. आईने खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायला सुरुवात केली, खालच्या गाडीवरच्या मावशी त्यात कोथिंबीर टाकतात, पैसे आई चिठ्ठीत गुंडाळून खाली सोडते. मी यूपीआय करतो म्हटलं तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं. एकदा मी भेंडी घ्यायला गेलो, मावशींनी माझ्यासमोर एकीचं टोक मोडलं, ते मोडलं नाही, नुसतं वाकलं. "आज नको नेऊ भाऊ, कालची हाय, आई माझ्यावर ओरडंल." स्वतःचा माल! मॉलमध्ये असं कोणी सांगितलंय का कधी? संध्याकाळी आठनंतर मेथी वीसला तीन जुड्या पण मिळते, फक्त निवडायला घरी माणूस पाहिजे.

ऑनलाइन डिलिव्हरीवाले मात्र हमखास चुकतात, बोळ मॅपवर आहे पण बाईक वळत नाही. दर वेळी मेन रोडला जाऊन पार्सल आणायचं.

रंगपंचमीला तिवंध्याची रहाड (रंग खेळायचा जमिनीतला हौद) बघितली, म्हणजे बघायला गेलो आणि ढकललो गेलो. एरवी त्याच रस्त्यावरून मी रोज जातो, खाली पेशव्यांच्या काळातला हौद पुरलेला आहे याची कल्पनाच नव्हती. खणून काढतात, वरचे लाकडी ओंडके बाजूला करतात, रंग भरतात आणि मग धप्पा. नवीन शर्ट गेला. कानातला रंग चार दिवस निघाला नाही, ऑफिसमध्ये सगळे विचारत होते.

बायकोची तक्रार अजून आहे, तिला ऑफिसला पाऊण तास लागतो आणि पाहुणे आले की गाडी कुठे लावायची यावरून आमचं भांडण ठरलेलं. तिचं चूक नाही. ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट जूनमध्ये संपतंय, परवा आजोबांनी विचारलं पुढे काय करताय. मी बायकोकडे बघितलं, ती म्हणाली जिन्याला आधी धरायला कठडा बसवून द्या, मग बोलू. आजोबा दुसऱ्याच दिवशी सुतार घेऊन आले.