घरांची घडण ओळखायला स्ट्रीट व्ह्यू: आर्ट डेकोला उत्तम, वाड्याला अपुरे

गूगल मॅप्समधले स्ट्रीट व्ह्यू (गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली रस्त्याची छायाचित्रे दाखवणारी सोय) जुलै २०२२ मध्ये भारतातल्या दहा शहरांत सुरू झाले. त्या पहिल्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) होती. आपल्या भागातली घरे कोणत्या काळातली, कोणत्या घडणीची हे घरबसल्या ओळखायला ते खरोखर उपयोगी पडते आणि त्याला पैसेही पडत नाहीत. मात्र ते घराचे तोंड दाखवते, आराखडा दाखवत नाही. उपग्रह चित्र शेजारी उघडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सर्वांत छान जमते ते मुंबईच्या आर्ट डेको (१९३०-४० च्या सुमाराची वास्तुशैली) इमारतींसाठी. मरीन ड्राइव्हवर इमारती रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत आणि रस्ता रुंद आहे, त्यामुळे तळापासून गच्चीपर्यंतचे दर्शन एका चौकटीत मावते. गोलावलेले कोपरे, खिडक्यांवरून सलग धावणारे पातळ छज्जे, बाल्कनीला जहाजावर असतात तसे आडव्या नळांचे कठडे, जिन्याशी वर चढत जाणारा उभा पट्टा आणि ठळक अक्षरांतले इमारतीचे नाव या खुणा शोधाव्यात. कोपऱ्यावरचा सूना महाल (१९३७) सरावाला घ्यावा. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांगही याच घडणीची आहे, पण तिथे झाडे आड येतात. या दोन्ही भागांचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथे नजर तयार झाली की दादरची हिंदू कॉलनी, माटुंगा, शिवाजी पार्क इथल्या साध्या इमारतींतही त्याच खुणा सापडतात. तिथे बाल्कन्या काचा लावून बंद केलेल्या असतात आणि गोलाई हरवते. अशा वेळी जिन्याची उभी खिडकी आणि प्रवेशद्वार बघावे, ते सहसा बदललेले नसते.

पाहण्याची पद्धत महत्त्वाची आहे. इमारतीच्या अगदी समोर उभे राहून दृश्य वर वळवले की उभ्या रेषा तिरक्या होतात आणि सरळ कोपराही वाकडा भासतो. त्याऐवजी रस्त्यावर दिसणारे बाण दाबून दोन-तीन पावले मागे सरकावे, दृश्य आडवेच ठेवावे आणि झूम करावे. छज्जा मध्येच तुटलेला दिसला तर तो दोन छायाचित्रांचा जोड असू शकतो. बाण दाबून एक पाऊल पुढे सरकून खात्री करावी.

चाळींच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. गिरगावातली चाळ लाकडी कठड्याच्या सामाईक गॅलरीवरून लगेच ओळखू येते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळी मात्र १९२० च्या दशकातल्या, काँक्रीटच्या, तळ अधिक तीन मजल्यांच्या आहेत. त्यांत मजल्याच्या मधोमध बोळ आणि दुतर्फा १६० चौरस फुटांच्या खोल्या आहेत. बाहेरून गॅलरी दिसतच नाही, नुसत्या खिडक्यांच्या रांगा दिसतात. उपग्रह चित्रात ओळीने मांडलेले एकसारखे लांबट ठोकळे दिसले की उलगडा होतो. तिथे पुनर्विकास सुरू आहे, म्हणून पडद्यावर दिसणारा चित्रणाचा महिना आणि वर्ष आधी वाचावे. चित्रात उभी असलेली चाळ आज जागेवर नसेलही.

पुण्याच्या पेठांत स्ट्रीट व्ह्यू कमी पडते, आणि ही उणीव मोठी आहे. वाडा ओळखायचा तो चौकावरून, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणावरून, आणि चौक रस्त्यावरून दिसत नाही. तळमजल्यावर दुकाने, त्यांवर पाट्या, पुढे उभ्या दुचाक्या; दगडी जोते आणि दिंडी दरवाजा त्यामागे झाकले जातात. वरच्या मजल्याकडे बघावे: बारीक विटांची भिंत, सागवानी तुळयांची बाहेर आलेली टोके, महिरपी खिडक्या. मग उपग्रह चित्रात छपरांमधला उघडा चौकोन शोधावा आणि संगणकावर उजवे बटण दाबून 'अंतर मोजा' वापरावे. एक-दीड मीटरची फट असेल तर तो नव्या इमारतीचा डक्ट (नळ आणि हवेसाठी सोडलेली पोकळी). चारही बाजूंनी उतरती छपरे आत झुकलेली आणि मोकळी जागा तीन-चार मीटर किंवा अधिक असेल तर बहुधा चौक. पावसासाठी चौकावर निळे पत्रे घातलेले असले तर हा अंदाज चुकतो. सराव बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्यावर (१८०७) करावा. त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग आणि आतले चौक, दोन्ही ताडून पाहता येतात.

अरुंद बोळांत चित्रणाची गाडी शिरत नाही. गिरगावातल्या खोताच्या वाडीतले लाकडी व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने पाहायला नकाशावरची निळी रेघ (गाडी फिरलेला रस्ता) सोडून निळे ठिपके उघडावे लागतात. ती लोकांनी चढवलेली छायाचित्रे असतात, दर्जा कमी-जास्त.

डेक्कन जिमखाना, प्रभात रोडकडच्या जुन्या बंगल्यांना झाडे आणि कुंपणभिंत आड येते. काळ्या दगडाची भिंत आणि मंगलोरी कौले दिसली तरी दगड खरा की वरून चिकटवलेला, हे समोरून कळत नाही. त्यासाठी भिंतीचा कोपरा दिसेपर्यंत पुढे जावे. खऱ्या बांधकामात कोपऱ्याचा एकच दगड वळून दोन्ही बाजूंना दिसतो. चिकटवलेल्या लाद्यांत कोपऱ्यावर सरळ उभा सांधा येतो आणि लादीची पातळ कड उघडी पडते.